इटालियन क्रियापद: काळ चौदा, पाठ करायचे सात

इटालियनच्या पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानांवर क्रियापदांचे तक्ते असतात. ते पहिल्यांदा उघडले की शिकणारा हबकतो. एका क्रियापदाला चौदा काळ, दर काळाला सहा रूपं, म्हणजे 84, शिवाय आज्ञार्थ वेगळा. इंग्रजीसारखं बोल, बोलला, बोललेला इतक्यावर भागत नाही.

पण त्या चौदांपैकी सात काळ संयुक्त आहेत. एक सहायक क्रियापद आणि पुढे भूतकाळवाचक धातुसाधित, एवढाच त्यांचा कारभार. ही युक्ती मराठी माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. बोलला आहे, बोलला होता, बोलला असेल, बोलला असावा, बोलला असता: आपण ‘बोलला’ तसाच ठेवतो आणि ‘असणे’ फिरवतो. इटालियन माणूसही ‘पार्लातो’ तसाच ठेवून ‘आवेरे’ फिरवतो: आ पार्लातो, आवेवा पार्लातो, आव्राऽ पार्लातो, आब्ब्या पार्लातो, आव्रेब्बे पार्लातो. यादीचा क्रम तोच, अर्थही जवळजवळ तोच. फक्त सहायक क्रियापद आधी येतं.

म्हणजे खरोखर पाठ करायचे ते सात साधे काळ. त्यांतही मराठीची सवय काही ठिकाणी हात देते आणि काही ठिकाणी पाय ओढते. कुठे काय होतं ते कळलं की निम्मी मेहनत वाचते.

(इटालियन शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. जोर कुठे पडतो हे महत्त्वाचं असेल तिथे त्या अक्षरापुढे अवग्रह टाकला आहे. त आणि द आपल्यासारखेच दंत्य.)

सांधे कुठे आहेत

नियमित क्रियापदांचे तीन गट. मूळ रूप ‘आरे’ने संपतं ते पहिल्या गटात (पार्लारे, बोलणे), ‘एरे’ने संपतं ते दुसऱ्यात (क्रेदेरे, विश्वास ठेवणे), ‘ईरे’ने संपतं ते तिसऱ्यात (दोर्मीरे, झोपणे). शेपूट काढली की धातू उरतो: पार्ल, क्रेद, दोर्म. नियमित क्रियापदात हा धातू बदलत नाही. बदलतं ते त्याच्या पुढचं, आणि त्याचेही तुकडे पडतात: गटाचा स्वर, काळाची खूण, पुरुषाची खूण.

‘पार्लावामो’ घ्या, म्हणजे आम्ही बोलायचो. पार्ल हा धातू, ‘आ’ गटाचा स्वर, ‘वा’ काळाची खूण, ‘मो’ म्हणजे आम्ही. आता ‘क्रेदेवामो’ आणि ‘दोर्मिवामो’ न शिकवता येतात.

पुरुषाच्या खुणा सगळ्या काळांत फारशा बदलत नाहीत. आम्ही (नोई) म्हटलं की शेवटी ‘मो’, तुम्ही (वोई) म्हटलं की ‘ते’, आणि याला साध्या काळांत अपवाद नाही. ‘तू’साठी इटालियन शब्दही ‘तू’च आहे, त्याचं रूप बहुतेक वेळा ‘ई’ने संपतं. ‘ते’ (लोरो) हे रूप पुष्कळदा एकवचनाला ‘नो’ किंवा ‘रो’ जोडून होतं: पार्ला, पार्लानो, पार्लावा, पार्लावानो, पार्लेरेब्बे, पार्लेरेब्बेरो.

पुस्तकं एकेका क्रियापदाचा पूर्ण तक्ता देतात आणि शिकणारा तो वरून खाली घोकतो. त्यापेक्षा एक काळ घ्यावा आणि तिन्ही गट शेजारी ठेवून आडवे वाचावेत. सांधे तसेच दिसतात.

वर्तमानकाळ: अवघड आहे तो इथेच

सगळ्यात आधी शिकवला जाणारा प्रेझेंते हाच सातांपैकी सगळ्यात खोडकर काळ.

पार्लारे: पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो.
क्रेदेरे: क्रेदो, क्रेदी, क्रेदे, क्रेद्यामो, क्रेदेते, क्रेदोनो.
दोर्मीरे: दोर्मो, दोर्मी, दोर्मे, दोर्म्यामो, दोर्मीते, दोर्मोनो.

सर्वनाम बोलायची गरज नाही. आपण ‘येतो हं’ म्हणून निघतो, ‘मी’ म्हणत नाही, तसंच. उलट प्रत्येक वाक्याला ‘इओ’ लावलं तर ‘मी बोलतो, दुसरा कोणी नाही’ असा ठसका येतो. मराठीपेक्षा एक गोष्ट सोपी आहे: बोलतो आणि बोलते असा भेद नाही. पुरुष असो की बाई, पार्लोच.

मराठी जिभेची खरी अडचण जोराची आहे. आपल्याकडे एखाद्या अक्षरावर जोर दिल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे तिकडे कान जात नाही. ‘पार्लानो’ वाचताना आपण सहज ‘पार्लाऽनो’ म्हणतो, पण बरोबर आहे ‘पाऽर्लानो’. नियम साधा आहे: ‘मी’च्या रूपात जोर जिथे, तिथेच ‘ते’च्या रूपात. आऽबितो (मी राहतो), म्हणून आऽबितानो. तेलेऽफोनो, म्हणून तेलेऽफोनानो, मग जोर शेवटून चौथ्या अक्षरावर गेला तरी चालेल. फक्त नोई आणि वोई या दोन रूपांत जोर शेपटीवर सरकतो: पार्ल्याऽमो, पार्लाऽते.

जोर चुकला तर काय होतं? ‘पाऽर्लो’ म्हणजे मी बोलतो. ‘पार्लोऽ’ म्हणजे तो बोलला. रोमन लिपीत शेवटच्या ओवर एक तिरकी रेघ, एवढाच फरक. रेघ राहिली तर माणूस आणि काळ दोन्ही बदलतात.

तिसऱ्या गटात एक उपगट आहे: कापीरे (समजणे), फिनीरे (संपवणे), प्रेफेरीरे, पुलीरे (साफ करणे), स्पेदीरे (पाठवणे). यांच्यात धातू आणि शेपटीच्या मध्ये ‘ईस्क’ घुसतो, पण फक्त चार रूपांत: कापीस्को, कापीशी, कापीशे, मग काप्यामो, कापीते, आणि पुन्हा कापीस्कोनो. नोई आणि वोईत का नाही? कारण तिथे जोर आधीच शेपटीवर आहे. जिथे एरवी तो धातूवर पडला असता, तिथेच ‘ईस्क’ येतो आणि जोर स्वतःवर घेतो. हे एकदा समजलं की ‘कापिश्यामो’ ही नेहमीची चूक होत नाही. इतर काळांत जोर कायम शेपटीकडे असतो, म्हणून तिथे ‘ईस्क’ फिरकतही नाही. तो लागतो वर्तमानकाळात, वर्तमान कोंजुन्तीवोत (आपल्या ‘बोलावं’सारखं रूप) आणि आज्ञार्थात. बस्स.

कुठल्या क्रियापदाला तो लागतो हे मूळ रूपावरून बरंचसं ओळखता येतं. ‘ईरे’च्या आधी दोन व्यंजनं असतील तर सहसा लागत नाही: दोर्मीरे, पार्तीरे, सेंतीरे, सेर्वीरे, आप्रीरे. एकच व्यंजन असेल तर सहसा लागतो: कापीरे, फिनीरे, पुलीरे. अपवाद आहेतच. फोर्नीरे, गारांतीरे आणि आर्रोस्सीरे यांना दोन व्यंजनं असूनही ‘ईस्क’ लागतो. कुचीरेला (शिवणे) एकच असून लागत नाही. शब्दकोशात नवीन ‘ईरे’ क्रियापद दिसलं की ‘मी’चं रूप बघून वहीत सोबत टिपावं.

स्पेलिंगचा एक घोळ असा, की तो देवनागरीत लिहिला तर घोळच राहत नाही. चेर्कारे, शोधणे: चेर्को, चेर्की, चेर्का, चेर्क्यामो. आपल्याला यात काही विचित्र दिसणार नाही, क चा क राहिला. पण रोमन लिपीत इटालियन ‘सी’ अक्षराच्या पुढे आय किंवा ई आली की उच्चार च होतो. तो क राहावा म्हणून मध्ये एच घालावा लागतो. तेच पागारेचं (पैसे देणे): पागी लिहिताना जीच्या पुढे एच. भविष्यकाळात ‘ए’ येतो, म्हणून तिथेही सगळीकडे एच. मांजारे (खाणे) आणि कोमिंचारे (सुरू करणे) यांचं उलट. त्यांच्या स्पेलिंगमधला आय फक्त ज किंवा च वाचला जावा म्हणून असतो, त्यामुळे पुढे ई किंवा आय आली की तो गळतो: मांजेरोऽ, दोन स्वर एकापुढे एक नाहीत. तेव्हा पहिल्या गटात कानाने चालायचं: आवाज टिकवायचा आणि त्यासाठी लागतील ती अक्षरं घालायची किंवा काढायची.

दुसऱ्या गटाला मात्र आवाज टिकवायची चाड नाही. लेज्जेरे (वाचणे) घ्या: लेग्गो, लेज्जी, लेज्जे, लेग्गोनो. अक्षरं तीच, आवाज बदलतो. वरच्या कापीस्को आणि कापीशीतही हेच झालं आहे.

बोलायचो, बोलत होतो

इंपेर्फेत्तो हा सगळ्यात गुणी काळ. पार्लावो, पार्लावी, पार्लावा, पार्लावामो, पार्लावाते, पार्लावानो. आ च्या जागी ए किंवा ई घातली की बाकीचे दोन गट तयार. मराठीत त्याचे अर्थ दोन: ‘बोलायचो’ आणि ‘बोलत होतो’. हे दोन्ही एकाच रूपात मावतात, त्यामुळे कधी वापरायचा याचा अंदाज मराठी माणसाला चटकन येतो.

एक खड्डा लक्षात ठेवायचा. आपण ‘मी तीन वर्षं तिथे राहत होतो’ म्हणतो. इटालियनमध्ये मुदत सांगून प्रकरण मिटलं असेल तर इंपेर्फेत्तो चालत नाही, पास्सातो प्रोस्सिमो (सुरुवातीला आलेला ‘आ पार्लातो’ हा संयुक्त काळ) लागतो: ओ आबितातो ली त्रे आन्नी. आणि मुदत अजून चालू असेल तर साधा वर्तमानकाळ: आबितो आ मिलानो दा त्रे आन्नी. ‘तीन वर्षं झाली, मिलानमध्ये राहतोय.’ इथे आपली सवय बरोबर ठरते, इंग्रजीची गोत्यात आणते.

एका म वर भविष्य

भविष्यकाळ आणि कोंदित्स्योनाले (बोलेन आणि बोललो असतो यांच्या मधलं, ‘बोलेनही’सारखं काहीतरी) एकत्रच शिकावेत. दोन्हींचा पाया एकच: मूळ रूपाचा शेवटचा ए काढायचा. क्रेदेर, दोर्मिर. पहिल्या गटात मात्र आ चा ए होतो: पार्लार नव्हे, पार्लेर. ही फ्लॉरेन्सच्या बोलीची लकब, ती प्रमाण भाषेत आली आणि आता सक्तीची आहे.

पार्लेरोऽ, पार्लेराय, पार्लेराऽ, पार्लेरेमो, पार्लेरेते, पार्लेरान्नो.
पार्लेरेय, पार्लेरेस्ती, पार्लेरेब्बे, पार्लेरेम्मो, पार्लेरेस्ते, पार्लेरेब्बेरो.

या शेपट्या कुठून आल्या ते पाहिलं तर पाठांतर हलकं होतं. भविष्यकाळाच्या शेपटीत ‘आवेरे’चा वर्तमानकाळ चिकटलेला आहे: ओ, आय, आ, आन्नो. कोंदित्स्योनालेच्या शेपटीत त्याच ‘आवेरे’चा जुना भूतकाळ: एब्बे, एब्बेरो. शेकडो वर्षांपूर्वी हे दोन सुटे शब्द होते, ते जुळून एक झाले.

आता नोईची दोन्ही रूपं पुन्हा वाचा. पार्लेरेमो: आम्ही बोलू. पार्लेरेम्मो: आम्ही बोललो असतो, बोलायला हरकत नव्हती. फरक एका म चा. जोडव्यंजन कानाला न पकडणाऱ्या भाषांतले लोक इथे वर्षानुवर्षं अडखळतात. आपल्याला ते सोपं जावं, कारण मराठीतही ‘बोला’ आणि ‘बोलला’ यांत फरक ल किती वेळ धरला एवढाच आहे. तोच कान इथे लावायचा.

भविष्यकाळाने अंदाजही बांधतात. ‘आत्तापर्यंत पोहोचला असेल’ हे इटालियनमध्ये शब्दाला शब्द जुळतं: साराऽ आर्रिवातो. साराऽ म्हणजे असेल, आर्रिवातो म्हणजे पोहोचलेला. आणि ‘उद्या निघतो’सारखं ‘दोमानी पार्तो’ सर्रास चालतं. रोजच्या बोलण्यात भविष्यकाळ पुस्तकात वाटतो तितका लागत नाही.

‘ने’ची परीक्षा

संयुक्त काळांसाठी आधी धातुसाधित हवं: पार्लातो, क्रेदूतो, दोर्मीतो. दुसऱ्या गटात ‘ऊतो’ एवढं लक्षात ठेवायचं. दुसऱ्या गटातली रोजच्या वापरातली बरीच क्रियापदं इथे नियम मोडतात: लेज्जेरेचं लेत्तो, स्क्रीवेरेचं स्क्रीत्तो, प्रेंदेरेचं प्रेसो. ती सुटी पाठ करावी लागतात, त्याला इलाज नाही.

आता सहायक कोणतं? बहुतेकांना आवेरे, काहींना एस्सेरे (असणे). यासाठी मराठी माणसाकडे एक हाताशी असलेली परीक्षा आहे. क्रियापद तृतीयपुरुषी भूतकाळात म्हणून पाहायचं. ‘त्याने’ आलं तर आवेरे. त्याने खाल्लं, आ मांजातो. त्याने विकलं, आ वेंदूतो. ‘तो’ आला तर थांबून विचार करायचा. जाणं, येणं, पोहोचणं, राहून जाणं, जन्मणं, मरणं, काहीतरी होणं असा अर्थ असेल तर एस्सेरे: तो पोहोचला, ए आर्रिवातो. पण तो झोपला, तो बोलला, तो चालला, तो विसरला ही ‘तो’ घेणारी क्रियापदं तिकडे आवेरेच घेतात: आ दोर्मीतो, आ पार्लातो, आ काम्मिनातो, आ दिमेंतिकातो. तेव्हा परीक्षा एकाच दिशेने भरवशाची. तिलाही एक भगदाड आहे: स्वतःवरच होणारी क्रिया, म्हणजे मागे ‘सी’ लागणारी क्रियापदं. ‘त्याने अंघोळ केली’ हे सी ए लावातो होतं, एस्सेरेने.

ही परीक्षा किती खोल जाते ते ‘फिनीरे’वर दिसतं. आपल्याकडे संपवणे आणि संपणे ही दोन क्रियापदं आहेत. इटालियनमध्ये एकच, आणि भेद सहायकाने होतो. त्याने काम संपवलं: आ फिनीतो इल लावोरो. तास संपला: ला लेत्स्योने ए फिनीता. कोमिंचारेचंही तसंच.

शेवटच्या वाक्यात फिनीतोचं ‘फिनीता’ झालं ते सुटू देऊ नका. एस्सेरेबरोबर धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाने फिरतं: आर्रिवातो, आर्रिवाता, आर्रिवाती, आर्रिवाते. पोहोचला, पोहोचली, पोहोचले. वेगळं शिकायचं काही नाही.

आवेरेबरोबर मात्र मराठी सवय दगा देते. ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली’ असं आपलं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. त्या ओघात ‘ओ मांजाता ला पीत्सा’ तोंडून जातं. चूक. कर्म मागून येत असेल तर धातुसाधित जागचं हलत नाही: ओ मांजातो ला पीत्सा. पण कर्म सर्वनाम होऊन पुढे आलं, ‘ती मी खाल्ली’ म्हणायचं झालं, की लगेच मराठीसारखं वागतं: लो मांजाता. इथे ला (ती) आणि ओ जुळून ‘लो’ झालं आहे. आता पुल्लिंगी ‘लो’ आणि ‘ओ’ जुळले तरी कानाला ‘लो’च ऐकू येतो, म्हणजे काय खाल्लं हे मांजातो की मांजाता यावरूनच कळतं. लो, ला, ली, ले या चार सर्वनामांपुरता हा नियम सक्तीचा आहे.

एका ‘असता’चे दोन

सगळ्यात जास्त लाल शाई इथे खर्च होते. ‘लवकर पोहोचला असतास तर एकत्र जेवलो असतो.’ आपण दोन्हीकडे ‘असता’ वापरतो. इटालियनमध्ये त्याचे दोन तुकडे पडतात. ‘तर’च्या अलीकडे, म्हणजे ‘से’ला (जर) लागून, कोंजुन्तीवो; पलीकडे कोंदित्स्योनाले. से फोस्सी आर्रिवातो प्रीमा, आव्रेम्मो मांजातो इन्स्येमे. मराठी माणूस दोन्हीकडे एकच रूप घालून मोकळा होतो, आणि त्याला सोबत भरपूर आहे: ‘से आव्रेय’ ही इटलीतल्या शाळकरी पोरांचीही नेहमीची चूक, मास्तरांचा आवडता राग.

गोष्ट होऊन गेलेली नसून आत्ताची असेल तर संयुक्त काळ नको, साधे पुरतात. से पार्लास्सी इतालियानो, लावोरेरेय आ मिलानो: मला इटालियन येत असतं तर मिलानमध्ये काम केलं असतं. मराठीत ‘केलं असतं’ आत्ताचंही आणि तेव्हाचंही. इटालियनमध्ये लावोरेरेय आत्ताचं, आव्रेय लावोरातो तेव्हाचं.

‘से’च्या अलीकडचा हा कोंजुन्तीवो इंपेर्फेत्तो दिसायला भारदस्त, बनवायला सोपा: पार्लास्सी, पार्लास्सी, पार्लास्से, पार्लाऽस्सिमो, पार्लास्ते, पार्लाऽस्सेरो. बाकी गटांत क्रेदेस्सी, दोर्मिस्सी. वोईचं ‘पार्लास्ते’ पास्सातो रेमोतो या साध्या भूतकाळातही येतं, संदर्भावरून ओळखायचं.

गंमत म्हणजे बोलताना इटालियन लोक हा सगळा व्याप टाळून दोन्हीकडे इंपेर्फेत्तो लावतात: से आर्रिवावी प्रीमा, मांजावामो इन्स्येमे. अगदी मराठीसारखं, दोन्ही बाजूंना एकच. ऐकून घ्यावं, मित्रांत वापरावं, परीक्षेत लिहू नये.

बोलावं, बोल, बोलू नको

वर्तमान कोंजुन्तीवोत स्वरांची अदलाबदल होते. पहिला गट ई घेतो: पार्ली, पार्ली, पार्ली, पार्ल्यामो, पार्ल्याते, पार्लिनो. दुसरा आणि तिसरा आ घेतात: क्रेदा, दोर्मा, कापीस्का, अनेकवचनी क्रेदानो, दोर्मानो, कापीस्कानो. एकवचनात तिन्ही पुरुष सारखेच, म्हणून इथे सर्वनाम बोलावं लागतं.

वापराचा निम्मा भाग मराठीत तयार आहे. ‘मला निघायचंय’ म्हणजे वोल्यो पार्तीरे, कर्ता एकच. ‘आन्नाने निघावं असं मला वाटतं’ म्हणजे वोल्यो के आन्ना पार्ता, कर्ते दोन. आपल्याकडे जिथे ‘आवं’ येतं तिथे तिकडे कोंजुन्तीवो. उरलेला निम्मा फसवा आहे. ‘मला वाटतं तो चांगलं बोलतो’ यात आपल्याला ‘आवं’ लागत नाही, त्यांना क्रेदो के म्हटलं की लागतो: क्रेदो के पार्ली बेने. इथून निसटायची एक वाट आहे. ‘सेकोंदो मे’, म्हणजे ‘माझ्या मते’, असं सुरू केलं की साधा पार्ला चालतो.

आज्ञार्थात पार्ला, क्रेदी, दोर्मी, फिनीशी ही ‘तू’ची रूपं, वोईची वर्तमानकाळातलीच. नकार मजेशीर आहे. ‘बोल’ला ‘पार्ला’, पण ‘बोलू नको’ला ‘नोन पार्लारे’, थेट मूळ रूप. ‘बोल नको’ आपणही म्हणत नाही, ‘बोलू’ हे वेगळं रूप काढतो, त्यामुळे यात नवल वाटायचं कारण नाही. वोईला मात्र सरळ नोन पार्लाते. मूळ रूप सूचनांच्या पाट्यांवरही भेटतं: दारावर तिरारे (ओढा), स्पिंजेरे (ढकला). पाककृतींतही, आपण जिथे ‘चिरून घ्यावा’ लिहितो तिथे.

आदरार्थाला इटालियनमध्ये वोई नाही, लेई: तृतीयपुरुषी एकवचन. ‘अहो, तुम्ही’ या सवयीने मराठी माणूस अनोळखी ज्येष्ठाला वोई म्हणतो. दक्षिणेत काही भागांत ते अजून चालतं, मिलानमध्ये जुनाट वाटतं. 1938 मध्ये फॅसिस्ट राजवटीने लेई काढून वोई लादायची मोहीम काढली होती. युद्धानंतर लेई परत आला. लेईचा आज्ञार्थ म्हणजे वर्तमान कोंजुन्तीवोच: पार्ली, क्रेदा, दोर्मा, फिनीस्का. म्हणजे ‘पार्ला’ हे मित्राला आणि ‘पार्ली’ हे साहेबांना, एका स्वराने नातं बदलतं.

वाचण्यापुरता

पास्सातो रेमोतो: पार्लाय, पार्लास्ती, पार्लोऽ, पार्लाम्मो, पार्लास्ते, पार्लारोनो. दुसऱ्या गटात दोन पर्याय चालतात, क्रेदेय किंवा क्रेदेत्ती. धातू त ने संपत असेल तर पहिला बरा, बात्तेय. उत्तरेत रोजच्या बोलण्यात तो जवळजवळ ऐकू येत नाही, सिसिलीत सकाळी काय झालं तेही त्यात सांगतात. कादंबरी आणि इतिहास त्याच्याशिवाय वाचता येत नाही. सुरुवातीला ओळखता आला तरी पुरे.

शिकायचा क्रम असा ठेवावा: वर्तमानकाळ, लगेच पास्सातो प्रोस्सिमो, मग इंपेर्फेत्तो, मग भविष्यकाळ आणि कोंदित्स्योनाले एका बैठकीत, नंतर दोन्ही कोंजुन्तीवो, शेवटी रेमोतो. आणि तपासणीसाठी पूर्ण तक्ता लिहायचा नाही. फक्त ‘ते’ची ओळ मोठ्याने म्हणायची, सातही काळांत, कारण जोर, जोडव्यंजन, ‘ईस्क’ आणि स्वरांची अदलाबदल हे सगळे खड्डे त्या एका ओळीत आहेत. कापीरे घेऊन: कापीऽस्कोनो, कापीऽवानो, कापीऽरोनो, कापिराऽन्नो, कापिरेऽब्बेरो, कापीऽस्कानो, कापीऽस्सेरो. ज्यावर जीभ अडेल, त्या काळाचं पान उघडायचं.